औषधाचे वेष्टन आणि हवेतील ओल

(वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हास आरोग्यावर चार शब्द बोलण्यास सांगितले. आरोग्याचा विषय फार मोठा आहे. रोग कसे होतात, ते टाळावेत कसे, यावर आपण या व्यासपीठावरून पुष्कळ ऐकले आहे. म्हणून आम्ही एक लहानसा, पण घरोघरचा विषय निवडला आहे. दवाखान्यातून औषध आणले, घरी ठेवले. आज घेतले, उद्या घेतले, महिनाभर घेतले. महिन्याच्या शेवटी जी गोळी आपण गिळतो ती पहिल्या दिवसाइतकीच गुणकारी असते काय? असावी, यासाठी कारखान्यात त्या गोळीभोवती एक वेष्टन घातलेले असते. आपण ते नुसते वरचे पाकीट समजतो आणि फाडून फेकतो. ते वेष्टन हा औषधाचाच एक भाग आहे, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

कोणी विचारील, आपला बीड जिल्हा अवर्षणाचा. पाण्यासाठी मैलोगणती हिंडणाऱ्यांना ओलीची भीती कसली? उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे खरेच. परंतु मृगाचा पाऊस पडला की हवा पालटते. माळवद गळते, मातीच्या भिंती ओल धरतात, कोनाड्यातील वह्यांना वास येतो. डब्याबाहेर राहिलेला पापड सादळतो, गुळाला पाझर सुटतो, मिठाला पाणी सुटते, काडेपेटीची काडी पेटत नाही. हे सारे आपल्या मायबहिणींना पाठ आहे. त्याच कोनाड्यात औषधाच्या गोळ्याही असतात, आणि त्याही सादळतात. फरक एवढाच की सादळलेला पापड दाताला कळतो; सादळलेली गोळी पुष्कळदा डोळ्यालाही कळत नाही आणि जिभेलाही कळत नाही.

आपल्या वाडवडिलांना ओलीचे शास्त्र ठाऊक होते. ज्वारी त्यांनी कणगीत ठेवली, बळदात ठेवली, पेवात ठेवली. पेवाच्या आतून कडबा किंवा गवत लावायचे, धान्य भरायचे आणि तोंड मातीने लिंपून घ्यायचे. बाहेरची ओल आत जाऊ नये, हाच हेतू. औषधाच्या कारखान्यात हेच काम अत्यंत बारकाईने केले जाते. जणू प्रत्येक गोळीसाठी एक स्वतंत्र पेव बांधले जाते.

आधी हवेतील पाण्याचा हिशेब पाहू. हवा जितकी उबदार तितकी ती जास्त पाणी वाफेच्या रूपाने धरून ठेवू शकते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी मावते. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांना नऊ-साडेनऊ ग्रॅम. म्हणजे दिवसा तापलेली दमट हवा रात्री थंड झाली की जास्तीचे पाणी तिला टाकून द्यावे लागते. गवतावर दव पडते ते असे. पत्र्याच्या पेटीला पहाटे आतून घाम सुटतो तोही असाच. हवेत मावेल त्याच्या किती टक्के पाणी प्रत्यक्षात आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर विरघळू लागते. बाजारच्या खडेमिठात इतर क्षार मिसळलेले असल्याने त्याला पाणी आणखी लवकर सुटते. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, मिठाची बरणी हे तुमच्या घरातील फुकटचे आर्द्रतामापक आहे. मिठाला पाणी सुटू लागले की औषधांकडे लक्ष द्यावे.

आता ओल गोळीचे नुकसान कसे करते ते पाहू.

पहिला प्रकार रासायनिक. काही औषधांची पाण्याशी क्रिया होऊन त्यांचे दुसऱ्याच पदार्थात रूपांतर होते. ॲस्पिरिन हे त्याचे ठळक उदाहरण. ओल लागली की त्याचे सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल होते. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. म्हणून ॲस्पिरिनच्या जुन्या बाटलीला आंबट वास आला तर ती गोळी खराब झाली असे समजावे. अमॉक्सिसिलिनच्या जोडीला दिले जाणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तर ओलीपुढे फारच नाजूक आहे.

दुसरा प्रकार गोळीच्या घडणीचा. गोळीत असा एक पदार्थ घातलेला असतो की जो पोटात पाणी मिळताच फुगतो आणि गोळी फोडतो. हवेतील ओल पिऊन तो बाहेरच अर्धवट फुगला की पोटात गेल्यावर गोळी वेळेवर फुटत नाही. औषध आत असूनही रक्तात पोहोचत नाही. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि त्यात मुळातच १३ ते १६ टक्के पाणी लागते. जास्त ओल मिळाली की कॅप्सूल मऊ पडून एकमेकांस चिकटतात. उलट आपल्या वैशाखातील कोरड्या हवेत उघड्या ठेवल्या तर ठिसूळ होऊन तडकतात. म्हणजे वेष्टन ओल आत येऊ देत नाही, तसेच गरजेचे पाणी बाहेरही जाऊ देत नाही.

तिसरा प्रकार बुरशीचा. तो दिसतो, म्हणून त्यातल्या त्यात बरा. पहिले दोन दिसत नाहीत, म्हणून अधिक घातक.

यावर उपाय म्हणून वेष्टनाचे जे प्रकार निघाले ते आपण रोज हाताळतो. काचेतून ओल मुळीच जात नाही. ती जाते झाकणाच्या फटीतून. म्हणून बाटली काचेची असून भागत नाही, झाकण घट्ट हवे. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा वर्ख असलेले पाकीट आपण जाणता; दुकानदार त्याला स्ट्रिप म्हणतो. वर्खाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. उष्णतेने दोन वर्ख एकमेकांस चिकटवून प्रत्येक गोळीची कोठडी वेगळी केलेली असते. एक फाडली तरी शेजारची बंदच राहते. ज्यातून गोळी दिसते आणि अंगठ्याने दाबून बाहेर काढता येते ते ब्लिस्टर. त्याचा पुढचा भाग पीव्हीसी या प्लॅस्टिकचा असतो. ते दिसायला छान, परंतु त्यातून पाण्याची वाफ हळूहळू आत जाते. म्हणून ओलीला भिणाऱ्या औषधासाठी त्यावर पीव्हीडीसीचा थर चढवितात. त्याहूनही नाजूक औषध असेल तर दोन्ही बाजू ॲल्युमिनियमच्या करतात. त्यास अल्यु-अल्यु म्हणतात. त्याच्या खोलगट बाजूस साधारणतः २५ मायक्रॉन नायलॉन, ४५ मायक्रॉन ॲल्युमिनियम आणि ६० मायक्रॉन पीव्हीसी असे तीन थर असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा जाडीवर औषधाची दोन-तीन वर्षे अवलंबून असतात. वर्ख फार पातळ झाला तर त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात, म्हणून तेथे काटकसर चालत नाही.

काही बाटल्यांत एक लहान पुडी निघते. ती सिलिका जेलची. तिचे दाणे दमट हवेत आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषू शकतात. ती खाण्याची नव्हे. लहान मुलांच्या हाती देऊ नये. पण औषध संपेपर्यंत बाटलीतून काढूनही टाकू नये.

हे वेष्टन पुरेसे आहे की नाही, याची परीक्षा घेतली जाते. बंद पाकिटे रंगीत पाण्यात बुडवून हवा खेचून घेतात. कोठे चीर असेल तर रंग आत शिरतो आणि चोरी उघडी पडते. शिवाय औषध वेष्टनासह ४० अंश उष्णता आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात ६ महिने ठेवून मधूनमधून तपासतात. नेहमीच्या हवामानातही दीर्घकाळ ठेवून पाहतात. या सर्व परीक्षांवरून पाकिटावरची अंतिम तारीख ठरते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही तारीख नुसत्या गोळीची नसते. बंद वेष्टनातील, सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या गोळीची ती तारीख असते. वेष्टनातून गोळी काढून कागदाच्या पुडीत बांधली, की त्या तारखेला अर्थ उरत नाही.

वेष्टनाने काय साधते, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून कोलकात्यात पॉलिथिनच्या पिशव्यांत भरून घेतले, पिशव्यांची तोंडे इस्त्रीने बंद केली आणि ती भुकटी पाण्यात कालवून रोग्यांना पाजली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टरांचे २०२२ साली निधन झाले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

परंतु ही कथा येथे संपत नाही. जीवनरक्षक भुकटीची पाकिटे पुढे जगभर गेली, तेव्हा उष्ण आणि दमट मुलखांत एक अडचण आली. ओल शिरली की सोडा आणि ग्लुकोज यांची क्रिया होऊन भुकटी तपकिरी पडे आणि तिचे ढेकूळ होई. उत्तम वर्खाचे पाकीट वापरावे तर खर्च वाढे. म्हणून १९८४ साली जागतिक आरोग्य संघटनेने सोड्याऐवजी ट्रायसोडियम सायट्रेट घालण्याची शिफारस केली. भुकटी अधिक टिकाऊ झाली. २००२ साली प्रमाण पुन्हा सुधारले, आणि आज एक लिटर पाण्यासाठीचे पाकीट २०.५ ग्रॅमचे असते. विचार करा, ओलीपायी जगाला एका औषधाची कृती बदलावी लागली. मग आपण घरी त्याच पाकिटाचा कोपरा फाडून अर्धी भुकटी उद्यासाठी ठेवावी काय? पूर्ण पाकीट, सांगितलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात एकाच वेळी कालवावे आणि २४ तासांत संपवावे. उरले तर टाकून द्यावे.

औषध किती दिवस साठवावे, हा प्रश्न आजचा नाही. विनयपिटकातील महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि उसाची काकवी ही पाच औषधे मान्य केलेली होती. पुढे स्थविर पिलिंदवच्छ यांच्याकडे ही औषधे फार येऊ लागली. त्यांच्या सोबतच्या भिक्खूंनी मडकी भरली, पिशव्या भरून खिडक्यांत टांगल्या. ती झिरपू लागली, विहारात उंदीर झाले, लोक नावे ठेवू लागले. तेव्हा तथागतांनी नियम घालून दिला की ही औषधे जास्तीत जास्त सात दिवस ठेवून वापरावीत. आज मुलांसाठी मिळणाऱ्या अँटिबायोटिकच्या कोरड्या भुकटीत पाणी घातल्यावर बाटलीवर बहुधा सातच दिवसांची मुदत लिहिलेली असते. आकडा जुळणे हा योगायोग आहे. परंतु औषध मिळविणे जितके महत्त्वाचे तितकेच ते नीट राखणे महत्त्वाचे, ही शिकवण तीच आहे. ती भुकटीही कारखान्यातून कोरडी येते, कारण पाण्यात ते औषध टिकत नाही. म्हणून पाणी घरी, गरजेच्या दिवशीच घालावयाचे. पाणी घालण्यापूर्वीच भुकटीचा गोळा झालेला दिसला तर बाटली परत करावी.

आता आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे वळतो. दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, लेकरेबाळे, आणि पेटीत कोणाची तरी औषधे. पाच-सहा महिने मुक्काम उसाच्या फडाशेजारी कोपीत. खाली ओलीची जमीन, पहाटे दव, बाजूला पाटाचे पाणी. दिवसा तापणारी आणि रात्री गार पडणारी पेटी. थोडा वेळापूर्वी सांगितलेला हवेतील पाण्याचा हिशेब येथे अक्षरशः लागू पडतो.

क्षयरोगाचा साधा उपचार ६ महिन्यांचा असतो. हंगामही जवळपास तेवढाच. म्हणजे एखाद्या तोडणी कामगाराचा जवळजवळ संपूर्ण उपचार कोपीत होऊ शकतो. पहिले २ महिने रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चार औषधे एकाच गोळीत दिली जातात. यातील इथाम्ब्युटॉल ओल ओढून घेणारे आहे. त्याने ओढलेल्या ओलीत रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड यांची आपसांत क्रिया होते आणि औषधाची मात्रा घटते. रोगी बिचारा नेमाने गोळ्या घेतो, एकही दिवस चुकवीत नाही. परंतु पोटात जाते ते अपुरे औषध. अपुऱ्या औषधाने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावू शकतात. मग तोच क्षय कठीण होतो, आणि कोपीत शेजारी झोपणाऱ्या लेकरांनाही धोका होतो. दोष रोग्याचा नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही की गोळ्या सोलून डबीत भरू नयेत.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आपण एवढे सांगावे. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. ती पाकिटे घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, आणि डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कोपीत उंच टांगा. चुलीजवळ नको, पाण्याच्या घागरीजवळ नको, ओल्या कपड्यांच्या गाठोड्यात नको. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगून जा. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते आणि नोंद असली की मुक्कामाच्या गावीही पुढे चालू ठेवता येते.

फिट येणाऱ्या रोग्यास जे सोडियम व्हॅलप्रोएट देतात तेही ओल झपाट्याने शोषते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरली जाणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी तर उष्णता आणि ओल यांमुळे लवकर निकामी होते. म्हणून ती दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या वेष्टनातच असावी आणि तोंडात घालण्याच्या क्षणीच फोडावी. बाई रक्तस्रावाने पांढरी पडत असताना हातातील गोळी निकामी निघाली, तर दुसरी आणायला वेळ नसतो. वेष्टनाची किंमत त्या वेळी कळून उपयोग नाही.

आता रोजच्या व्यवहारातील काही गोष्टी थोडक्यात सांगतो.

सुटी गोळी कागदाच्या पुडीत मिळाली तर पाकिटासह मागावी. कापून दिलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि अंतिम तारीख राहील असे पाहावे, आणि कापताना कात्री गोळीच्या कोठडीवरून गेलेली नसावी. आठवड्याच्या गोळ्या खणाखणाच्या डबीत काढून ठेवण्याची पद्धत वृद्धांना सोयीची आहे. परंतु पावसाळ्यात गोळी पाकिटाच्या तुकड्यासहच त्या खणात ठेवावी.

माठाजवळ, न्हाणीघरात, गळणाऱ्या भिंतीच्या कोनाड्यात औषध ठेवू नये. फ्रिज असेल त्यांनी सांगितल्याशिवाय गोळ्या त्यात ठेवू नयेत. गार पाकीट दमट हवेत बाहेर काढले की त्यावर पाणी जमते. इन्सुलिनची गोष्ट वेगळी; त्याला गारवा हवाच. फ्रिज नसलेल्या घरी कुपी प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून मातीच्या भांड्यात ठेवावी. गारवा मिळावा, पण कुपी आणि तिच्यावरचे लेबल भिजू नये.

गोळीचा रंग बदलला, डाग पडले, ती भुसभुशीत झाली, कॅप्सूल चिकटल्या, वास आला, तर ती घेऊ नये. पण आपल्या मनाने उपचारही थांबवू नये. औषध दुकानदारास किंवा आरोग्य केंद्रात दाखवून दुसरी घ्यावी.

मंडळासाठीही दोन सूचना आहेत. आपण आरोग्य शिबिरासाठी औषधे गोळा करतो, ती भावना मोठी आहे. परंतु घराघरांतून उरलेल्या सुट्या गोळ्या स्वीकारू नयेत. न फाटलेले, न कापलेले, तारीख स्पष्ट असलेले पाकीटच घ्यावे आणि ते डॉक्टर किंवा फार्मासिस्ट यांनी पाहिल्यावरच वाटावे. गरिबाला दिलेले औषधही पूर्ण गुणाचेच असले पाहिजे. दुसरे, जेथे खोकी साठवावयाची तेथे ती जमिनीपासून १० सेंटिमीटर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून ३० सेंटिमीटर दूर ठेवावीत. थर अडीच मीटरपेक्षा उंच नसावा. ज्याची तारीख आधी संपते ते आधी बाहेर काढावे. एवढ्यासाठी फार पैसा लागत नाही, शिस्त लागते.

विद्यार्थी मित्रहो, आमच्या शब्दावर विश्वास ठेवून थांबू नका. स्वतः तपासून पाहा, हीच आपली परंपरा. शाळेच्या तराजूवर मीठ १०-१० ग्रॅम मोजून घ्या. एक वाटा उघड्या बशीत, एक कागदाच्या पुडीत, एक गाठ मारलेल्या पॉलिथिनच्या पिशवीत आणि एक घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. प्रत्येकाचे वजन भांड्यासह लिहून ठेवा. श्रावणातील पंधरा दिवस रोज ठरावीक वेळी वजन करून वहीत तक्ता करा. कोणते वेष्टन किती ओल अडविते, हे तुमचा तक्ताच सांगेल. मग तो तक्ता घरी आजीला दाखवा आणि तिची रक्तदाबाची गोळी कोठे ठेवली आहे तेही पाहा.

आपल्यातील काही मुले-मुली उद्या औषधनिर्माणशास्त्र शिकतील, परिचारिका होतील, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टरही होतील. त्यांनी औषध देताना गोळी कधी घ्यायची हे सांगावेच, पण ती कशी ठेवायची हेही आवर्जून सांगावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

मजुरी बुडवून माणूस दवाखान्यात जातो. एस.टी.चे भाडे भरतो, रांगेत उभा राहतो आणि हाती पडलेले औषध पदरात बांधून आणतो. एवढ्या कष्टाने आणलेला गुण घरच्या कोनाड्यात वाया जाऊ नये. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या औषधांची जागा एकदा पाहावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम.